धाकू घडशीचं नाक

घूस मेली होती ती धाकू घडशीच्या बाकड्याखालीच, आणि तीन दिवस त्याच बाकड्यावर बसून त्याने डबा खाल्ला होता. गॅरेजातली माणसं दोन दिवस वास हुडकत होती. काशीमिऱ्याला हायवेच्या कडेला उत्तमशेठची पत्र्याची शेड, मागे नाला. त्यामुळे आधी सगळ्यांनी नाल्याला दोष दिला, मग पलीकडच्या कोंबडीवाल्याला. कोणीतरी फिनेल ओतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी धाकू चपातीचा शेवटचा तुकडा डब्यात फिरवत होता तेव्हा वायरिंगचं काम करणारा निकेत नाकाला फडकं बांधून आला, "धाकूमामा, जरा उठा," म्हणाला आणि त्याने बाकडं ओढलं. घूस भिंतीला टेकून फुगलेली होती. माणसं मागे सरली. एकजण बाहेर जाऊन ओकला. धाकू डबा हातात धरून उभा राहिला. उत्तमशेठ केबिनच्या दारातून म्हणाले, "धाकूभाई, तुमको तो सबसे पहले मालूम पडना चाहिए था ने." सगळे हसले, कारण त्या शेडमध्ये धाकूच्या नाकाबद्दल वर्षानुवर्षं गोष्टी चालत आलेल्या होत्या. धाकूही हसला. "सर्दी आहे शेठ," तो म्हणाला. त्याला सर्दी नव्हती.

हात धुवायला म्हणून तो मागच्या नळावर गेला. साबणाची वडी नाकाशी धरली. मग पेट्रोलचा डबा उघडून त्यावर वाकला. नाकात गारवा शिरला, आतली कातडी जराशी चुरचुरली, एवढंच. पेट्रोलचं बोट ओठांवरून फिरवलं, थुंकला. कोंबडीवाल्याच्या पिंपाकडे गेला, तिथे माशा होत्या, माशा दिसल्या. जग जसंच्या तसं होतं आणि त्याच्या मधोमध कोणीतरी एक दार ओढून घेतलं होतं, तेही आवाज न करता. त्याला भीती वाटली नाही. आधी वाटलं ते आश्चर्य, की हे आपल्याला कळलं कसं नाही. जानेवारीत आठ दिवस ताप होता. त्यानंतर जेवणाचा रंग उडाल्यासारखं झालं होतं खरं. त्याने ते टँकरच्या पाण्यावर ढकललं, रेशनच्या डाळीवर ढकललं, मंदाच्या हातावर ढकललं. "तुझ्या हाताची चव गेली," असं तो बायकोला एकदा म्हणालाही होता, आणि मंदाने त्याच्याकडे बराच वेळ पाहून वाटीत आणखी आमटी वाढली होती.

नाक हे धाकूचं शिक्षण होतं. दापोलीकडच्या गावातून तो सोळाव्या वर्षी लालबागला आला तेव्हा त्याला पाना धरता येत नव्हता. गॅरेजच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने पहिले सहा महिने त्याला हत्याराला हात लावू दिला नाही. चालू गाडीच्या मागे गुडघ्यांवर बसवायचा आणि म्हणायचा, वास घे. डोळ्याला झोंबलं, घशात कच्चं पेट्रोल उतरल्यासारखं वाटलं, की समज इंजिनाला पेट्रोल जास्त जातंय. कोरडं, तापल्या तव्यासारखं आलं, की हवा जास्त जातेय. मिस्त्री स्वतः तंबाखू खायचा नाही, अत्तर लावायचा नाही, गणपतीत धुपाच्या जवळ थांबायचा नाही. धाकूनेही तेच उचललं. कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा, पावाचा पाव फेरा, असं फिरवत जायचं आणि नाकाने थांबायचं. रॉकेल मिसळलेलं पेट्रोल तो टाकीचं झाकण उघडताच ओळखायचा. बाकीचे मेकॅनिक प्लग काढून पाहायचे: काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे हवा जास्त, चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचा म्हणजे ठीक. धाकूही पाहायचा, पण बघितल्यासारखं करायचा. उत्तर त्याला आधीच ठाऊक असायचं. लालबागचं गॅरेज विकलं गेलं, तिथे टॉवरचा पाया खणला गेला, आणि तो गोडदेवला दोन खोल्यांत राहायला आला तेव्हा सामान टेंपोत मावलं. नाक तो आपल्यासोबत घेऊन आला होता. उत्तमशेठने त्याला ठेवून घेतलं ते त्या नाकासाठीच.

घुशीनंतरचे दहा दिवस त्याने नक्कल केली. गाडीच्या मागे पूर्वीसारखा बसायचा, मान तिरपी करायचा, डोळे मिटायचा, आणि मनात दहा आकडे मोजून उठायचा. कान शाबूत होते. इंजिन मंद चालताना त्याच्या ठोक्यात खोट असली तर ती ऐकू यायची, प्लगचा रंग दिसायचा. काम नव्वद टक्के होत होतं. उरलेल्या दहा टक्क्यांची कोणाची तक्रार आली नाही, आणि हेच त्याला विचित्र वाटे. इतकी वर्षं त्या दहा टक्क्यांसाठी आपण मान मोडत होतो ती कोणासाठी. मधूनच त्याच्या लक्षात यायचं की नीट जुळलेल्या इंजिनाच्या धुराला जवळजवळ वासच नसतो, नुसती गरम हवा लागते. आणि आता त्याला प्रत्येक गाडी, कितीही बिघडलेली असो, अगदी नीट जुळलेली लागत होती. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. मंदाला सांगायचं एकदोनदा मनात आलं, पण घरी पोचेपर्यंत ते शब्द कुठेतरी खारी गावाच्या वळणावर गळून पडायचे. ती काम करत असायची, तो पेपर घेऊन बसायचा.

अशात मृणालिनी कारखानीस गाडी घेऊन आल्या, म्हणजे गाडी दोरीने ओढून आणली गेली आणि त्या रिक्षातून मागोमाग उतरल्या. विमा कंपनीत नोकरी, दादर सोडून मिरा रोडला आलेल्या, पंचेचाळिशीच्या. धाकूने बाईंना पूर्वी एकदाच पाहिलं होतं, पण गाडी लगेच ओळखली. राखाडी रंगाची जपानी टर्बो. यतीन कारखानीसने ती सत्त्याऐंशी साली आखातातून आणली होती आणि डोंगराच्या चढावरच्या शर्यतींत पळवली होती. चार वर्षांपूर्वी यतीन ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. तेव्हापासून गाडी इमारतीखाली झाकून उभी होती. आता पुण्याचा एक गिऱ्हाईक रविवारी पाहायला येणार होता. "चालती हवी, एवढंच," बाई म्हणाल्या. "यतीन म्हणायचे, या गाडीला घडशींशिवाय कोणाचा हात लागू देऊ नकोस. म्हणायचे, तो यंत्र लावत नाही, नाक लावतो." उत्तमशेठ अभिमानाने हसले. धाकूने बॉनेट उघडलं.

टर्बो म्हणजे इंजिनातून सुटणाऱ्या धुराने फिरणारा पंखा. तो बाहेरची हवा दाबून आत कोंबतो. हवा वाढली की पेट्रोलही त्या मानाने वाढावं लागतं. कमी पडलं तर गाडी पळते, थोडा वेळ फार सुरेख पळते, आणि आत पिस्टन वितळत असतो. जास्त झालं तर ती जड होते, काळा धूर टाकते. मधली जागा केसाएवढी. यतीनसाठी धाकूने ती जागा पाच-सहा वेळा शोधून दिली होती. यतीन साहेबमाणूस, पण धाकूशेजारी जमिनीवर गुडघे टेकून बसायचा, पांढऱ्या शर्टाची पर्वा न करता, आणि विचारायचा, "काय येतं रे धाकू? सांग ना, नक्की काय येतं?" धाकूला सांगता यायचं नाही. त्यासाठी शब्द लागतात असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. तो म्हणायचा, "बरोबर येतं साहेब." यतीनला ते उत्तर आवडायचं की त्याचा राग यायचा, हे धाकूला कधी कळलं नाही. आता गाडीवर वाकलेला असताना त्याला ते आठवलं आणि वाटलं, तेव्हा दोन शब्द सांगून ठेवले असते तर आज कोणाजवळ तरी ते असते.

दोन दिवस त्याने टाकी धुतली, नवीन पेट्रोल भरलं, प्लग बदलले, हवा मोजणारी पेटी उघडून साफ केली. शनिवारी सकाळी इंजिन सुरू झालं. बाई आल्या होत्या. तो पाठीमागे बसला, मान तिरपी केली, दहा मोजले. उठला. पेटीवरचा स्क्रू जरासा फिरवला. पुन्हा बसला. गॅरेजभर माणसं बघत होती. "एक फेरी मारून येतो," तो म्हणाला. "दाबावर कशी चालते ते रस्त्यावरच कळतं." बाई म्हणाल्या, "मी येते." त्याने नको म्हणायला हवं होतं, पण त्याला कारण सापडलं नाही.

रेल्वेचं फाटक ओलांडून ते पश्चिमेला आले आणि उत्तनच्या रस्त्याला लागले. मुर्धा, राई, मग दोन्ही बाजूंना मिठागरं, पांढऱ्या मिठाचे ढीग उन्हात डोळ्यांवर येणारे. रस्ता मोकळा होता. त्याने पाय दाबला. टर्बोची बारीक शीळ सुरू झाली, गाडी मागून कोणी लोटल्यासारखी पुढे गेली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा धाकूला बरं वाटलं. कुठे ठोका नाही, अडखळ नाही. कानांवर भागतंय, तो मनाशी म्हणाला. बाई समोर पाहत होत्या. त्या या गाडीत फारशा बसल्या नसाव्यात. हात कुठे ठेवायचे हे त्यांना ठरवता येत नव्हतं. डोंगरी मागे पडली. तारोडीजवळ बांबूच्या परातींवर, म्हणजे उभ्या-आडव्या काठ्यांवर, बोंबील वाळत घातलेले दिसले तसा त्याने वेग कमी केला. बाईंनी रुमाल काढून नाकाला लावला.

"सुके बोंबील," धाकू समजुतीने म्हणाला. "काच वर करा."

"तो नाही," बाई म्हणाल्या. "पेट्रोलचा येतोय. मघापासून येतोय. येतो का असा?"

धाकू म्हणाला, "टर्बोच्या गाडीला येतोच थोडा."

वाक्य तोंडातून इतकं सहज गेलं की ते दुसऱ्याच कोणीतरी बोलल्यासारखं त्याने ऐकलं. बाईंनी मान डोलावली. त्यांना पटलं होतं. धाकू घडशी शेजारी बसलेला असताना पेट्रोलच्या वासाबद्दल त्यांनी काळजी करायचं कारणच नव्हतं. त्यांच्या नवऱ्याने त्यांना तसं सांगून ठेवलं होतं. गाडी पुढे चालली. धाकूच्या हाताखाली स्टिअरिंग किंचित थरथरत होतं. वळण आलं, एक देऊळ गेलं, एक बंद शाळा गेली. त्याने तिरक्या नजरेने पाहिलं. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते रुमालाने टिपत होत्या, पण तोंडाने काही बोलत नव्हत्या. विचारायचं ते विचारून झालं होतं आणि उत्तर मिळालं होतं. त्या क्षणी धाकूला जे दिसलं ते साधं होतं: ही बाई माझ्या शब्दावर जळून जाईल. त्याने गाडी कडेला घेतली, किल्ली फिरवली आणि म्हणाला, "उतरा. लांब जा. त्या परातींकडे."

बॉनेट उघडल्यावर दिसलं. पेट्रोलची रबरी नळी चार वर्षांत वाळून तडकली होती. गरम होऊन दाबाखाली आली तशी चीर उघडली होती. थेंब एकामागून एक टर्बोच्या लोखंडी गोळ्यावर पडत होते आणि पडता पडता वाफ होत होते. तो बघत उभा राहिला. लोखंड आणखी तापलं असतं, वेग आणखी थोडा वाढवला असता, तर भडका. बोंबील उलटत असलेली एक म्हातारी पदर नाकाला लावून हाका मारत आली. "अरं बाबा, हितवर वास येतंय पेट्रोलचा. तुला न्हाय आला? नाक हाय का न्हाय?" ती खेकसली. ती सरूबाई होती हे नंतर कळलं. तिनेच पाणी दिलं, तिनेच बिडी ओढत येणाऱ्या एका माणसाला शिव्या देऊन परत पाठवलं.

"नाही आला," धाकू म्हणाला. मग त्याने बाईंकडे वळून तेच पुन्हा म्हटलं, कारण ते त्यांनाच सांगायचं होतं. "मला वास येत नाही बाई. जानेवारीपासून येत नाही. गॅरेजमध्ये कोणाला माहीत नाही."

वारा सुटला होता, मृणालिनीबाईंची साडी परातींना लागत होती. "मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, येतोच थोडा," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुम्हाला माहीत नव्हतं, तरी म्हणालात."

"हो."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला, जणू एखादा अर्ज नामंजूर करून फाईल बंद करावी. धाकूने इंजिन गार होऊ दिलं. नळीचं तडकलेलं टोक कापलं, उरलेली ओढून पट्टीने आवळली. अर्धा तास गेला. मग सुरू करून पाहिलं, थेंब नव्हता. बोटाने चाचपलं, कोरडं होतं. बाई जवळ आल्या आणि त्यांनी स्वतः वाकून खात्री करून घेतली. "नाही येत आता," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "बाकीचं बरोबर आहे का? ते मिश्रण? की तेही अंदाजानेच?"

"अंदाजानेच," धाकू म्हणाला. आणि नंतर, आपण हे मागतोय याचं त्यालाच नवल वाटलं, "तुम्ही बघता का? मागे बसून. मी सांगतो कसं."

त्यांनी गाडीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. साडीचा ओचा सावरला आणि धुराच्या नळकांड्यामागे वाळूत गुडघे टेकून बसल्या. धाकू पुढे स्क्रूवर हात ठेवून उभा राहिला. दोघांच्या मध्ये गाडीची लांबी होती आणि इंजिनाचा आवाज होता, त्यामुळे त्यांना मोठ्याने बोलावं लागत होतं.

"काय येतं?"

"झोंबतंय. डोळ्यांना. ओल्या ऑइलपेंटसारखं, आणि मागून काहीतरी गोडसर."

त्याने स्क्रू फिरवला. "आता?"

"तसंच. जरा कमी." मग, "आता कोरडं झालं. इस्त्री कपड्यावर राहून गेली की येतं तसं."

त्याने स्क्रू मागे घेतला, केसाएवढा. थांबला. इंजिनाचा ठोका एकसारखा झाला होता, पण त्याने कानांवर ठरवलं नाही.

"आता?"

"काहीच नाही," बाई म्हणाल्या. "नुसती गरम हवा."

"तेच," धाकू म्हणाला.

तो मागे गेला तेव्हा त्या अजून बसलेल्याच होत्या. "पहिला होता ना, झोंबणारा," त्या म्हणाल्या, "तो यतीनच्या शर्टाला असायचा. मी त्याला दारातूनच मोरीत पाठवायची. हात लावू द्यायची नाही." यतीन आपल्याजवळ असाच बसायचा हे धाकूला सांगावंसं वाटलं, पण ते त्यांना माहीत असणार. त्या उठल्या, गुडघ्यावरची वाळू झटकली आणि गाडीत बसताना म्हणाल्या, "उत्तमशेठना तुम्ही सांगणार की मी सांगू?"

"मीच सांगतो."

त्याने सांगितलं. उत्तमशेठने ऐकून घेतलं, पंख्याकडे पाहत राहिले. "कान तो है ने," म्हणाले, पण दुसऱ्या वाक्यात त्यांनी ट्यूनिंगच्या गाड्या दुसऱ्याकडे देऊन धाकूला ब्रेक आणि क्लचवर घातलं, आणि दिवाळीच्या सुमारास धूर तपासायचं यंत्र आणलं, ज्याच्या पडद्यावर आकडे यायचे. निकेत ते शिकला. धाकूला दुःख झालं ते त्याला वाटलं होतं त्यापेक्षा कमी. गाडी रविवारी पुण्याला गेली. मृणालिनीबाई पुन्हा आल्या नाहीत.

त्या शनिवारी मात्र तो उजेडीच घरी आला. मंदा जमिनीवर बसून लसूण सोलत होती. तो दारात चपला काढता काढताच म्हणाला, "मंदा, माझं नाक गेलंय. वास येत नाही."

"ठाऊक आहे," मंदा म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत. "फेब्रुवारीत कढी नासली होती. तुम्ही दोन वाट्या प्यायलात."

धाकू भिंतीला टेकून बसला. शेजारच्या सुलूचा रेडिओ भिंतीतून ऐकू येत होता. "मग बोलली नाहीस."

मंदाने सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. ती उठली, तांदळाच्या डब्यामागे हात घालून एक छोटा पत्र्याचा डबा काढला आणि त्याच्यासमोर ठेवला. झाकण उघडलं. काळी पूड होती. "मशेरी आहे," ती म्हणाली. "लग्न होऊन आले, तिसऱ्याच दिवशी तुम्ही म्हणालात, या वासाने माझं नाक मरतं, कामाचं नाक आहे, घरात तंबाखू भाजायची नाही. आईकडे आम्ही सगळ्या लावायचो. सोडली. बावीस वर्षं." ती बोलताना त्याच्याकडे बघत नव्हती, डब्याकडे बघत होती. "कढीनंतर एक दिवस भाजून बघितली. तुम्ही इथेच पेपर वाचत होतात. तुम्ही पान उलटलंत. तेव्हापासून रोज भाजते."

"सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही डॉक्टरकडे गेला असतात," मंदा म्हणाली.

त्याला राग येईल असं त्याला वाटलं, आणि तो वाट पाहत राहिला. ती स्टोव्हकडे गेली, तवा ठेवला, कागदातून तंबाखूचं पान काढून त्यावर पसरलं. मग मान वळवून विचारल्यासारखं थांबली. धाकू नको म्हणाला नाही. पान आक्रसलं, कडा काळ्या पडल्या, निळसर धूर छताला जाऊन पसरला. सुलूने पलीकडून खोकत खिडकी लावून घेतली. मंदाने चिमूटभर पूड डाव्या तळव्यावर घेतली, बोटाने दातांवर फिरवली आणि डोळे मिटून घेतले, आणि तिच्या चेहऱ्यावरचं सगळं आवळलेपण हळूहळू सैल होत गेलं. बावीस वर्षांत हा चेहरा धाकूने पाहिला नव्हता. धुराने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो उठला आणि तव्यावरचं पान करपायला लागलं होतं म्हणून स्टोव्ह बारीक केला.